लंगडीत पहिलीची पोरं लगेच बाद होतात, काय खेळवू?

माण तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून पट 21. खेळाचा तास सगळ्यांना एकत्र आणि कायम माझ्याच वाट्याला, कारण सरांचा गुडघा. (गावच्या जत्रेत तो बरा असतो, ते असो.)

लंगडी घेतली की चौथीतला एक उंच पोरगा पहिलीच्या चौघांना पटापट टिपतो. मग ती चौघं कडेला बसून मुरमाचे खडे रचतात आणि माझी फक्कीची रेघ पुसतात. काल एकीनं रडतच विचारलं, "बाई, मी आता नुसतं बघायचं?" वाचता येत नाही म्हणून वर्गाबाहेर कुणाला बसवत नाही मी, मग मैदानावर का बसवते? खो-खो घ्यावा, तर पाठीवर थाप पडायच्या आधीच ही पोरं उठून पळतात.

निवृत्त गुरुजी, तासगाव
बाई, विषामृत घ्या. 'विष' म्हणून शिवलं की जागेवर बसायचं, दुसऱ्यानं येऊन 'अमृत' म्हणून शिवलं की उठून पळायचं. बाद कुणीच नाही. राज्य त्या उंच पोरावर द्या, पण त्यानं लंगडी घालतच शिवायचं. पाय टेकला की राज्य दुसऱ्यावर.

शिक्षिका, जत
खो-खो सोडू नका हो. तुमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळायच्या, 2016 ला रिओ ऑलिम्पिकात स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला धावल्या. मी आठवडाभर पोरांना धावूच दिलं नाही. सगळी डोळे मिटून बसायची, मी मागनं फिरायचे. नुसती थाप दिली, उठायचं नाही. नुसतं 'खो' म्हटलं, तरी नाही. दोन्ही एकदम आलं तरच उठायचं. चुकलं की हसू, बाकी शिक्षा नाही.

पालक, दहिवडी
आधी खडे वेचून घ्या मॅडम. मुरमावर अनवाणी लंगडी म्हणजे तळव्यांची वाट.

पुन्हा मीच
आज परिपाठ झाल्या झाल्या, ऊन चढायच्या आत सगळ्यांनी खडे वेचले, दोन घमेली निघाले. मग विषामृत. उंच गडी चौथ्या मिनिटाला पाय टेकून मोकळा! कालची रडकी बसलेल्यांना सोडून उभ्यांनाच 'अमृत' वाटत सुटली, तिला थांबवायला कुणी तयार नाही. सर खिडकीत उभं राहून बघत होते, बराच वेळ, गुडघ्यावर हात न ठेवता.

डोळे मिटून खो उद्या. फक्की संपलीय, रेघ काठीनं ओढीन.