क्रॉनमधून चालणाऱ्या बॅकअप स्क्रिप्टची फाइल रोज 20 बाइटचीच का होते?

रात्रपाळी (प्रश्नकर्ता):

नमस्कार. आमच्या कार्यालयाचा पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस 11 दिवसांपूर्वी नव्या डेबियन सर्व्हरवर हलवला. पोस्टग्रेस सोर्समधून बिल्ड केल्यामुळे त्याच्या आज्ञा /यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल/बिन या फोल्डरमध्ये आहेत आणि तो मार्ग मी लॉगिनवेळी वाचल्या जाणाऱ्या .बॅश_प्रोफाइलमध्ये जोडला आहे. रात्रीच्या बॅकअपची बॅश स्क्रिप्ट जुन्या सर्व्हरवरून जशीच्या तशी आणली, व जुन्या प्रतीही मूळ तारखांसह त्याच फोल्डरात ठेवल्या. स्क्रिप्टमध्ये कामाच्या ओळी दोनच आहेत: पहिली 'हिशेब' डेटाबेसची प्रत काढून ती दाबून ठेवते, दुसरी जुन्या प्रती पुसते (इथे देवनागरीत लिहितो, टंकताना अर्थातच रोमन लिपीत घ्याव्यात):

पीजी_डम्प हिशेब | जीझिप > /बॅकअप/हिशेब-$(डेट +%एफ).एसक्यूएल.जीझेड
फाइंड /बॅकअप -नेम '*.जीझेड' -एमटाइम +14 -डिलीट

हाताने चालवल्यास सुमारे 400 एमबीची फाइल मिळते. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) मात्र फाइल रोज बनते, नाव आणि तारीख बरोबर असते, पण आकार नेमका 20 बाइट, आणि एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'चूक नाही'. शिवाय पहाटे 2 ची वेळ दिलेली असताना काम सकाळी साडेसातला चालते. कोणी कारण सांगू शकेल का?

जुना_खांब:

कारण नंतर वाचा. आधी फाइंडच्या ओळीच्या सुरुवातीला # लावा, म्हणजे ती चालणार नाही. ती ओळ बॅकअप यशस्वी झाला की नाही हे न पाहता रोज जुन्या प्रती पुसते. '+14' चा अर्थ पूर्ण 15 दिवस झालेल्या फाइली असा होतो, म्हणजे तुमची शेवटची चांगली प्रत आणखी तीन-चार रात्रींत गेली असती आणि फोल्डरमध्ये केवळ 20 बाइटच्या फाइली उरल्या असत्या.

आता कारण. क्रॉन लॉगिन शेल उघडत नाही, त्यामुळे .बॅश_प्रोफाइल वाचलीच जात नाही. वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबला (क्रॉनच्या कामांची यादी) मिळणारा पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी, फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. तिथे पीजी_डम्प सापडला नाही, जीझिपला आत काहीच आले नाही, आणि त्याने इमानेइतबारे 'काहीच नाही' हेच दाबून ठेवले. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल 20 बाइटचीच असते, म्हणून हा आकडा दिसला की डोळे झाकून पाइपच्या (|) डावीकडे पाहावे. पाइपचा एक्झिट कोड शेवटच्या आज्ञेचा धरला जातो आणि जीझिपचे काम तर नीट झाले होते, म्हणून शून्य.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाथ स्वतः लिहा आणि त्याखाली 'सेट -युओ पाइपफेल' व 'सेट -ई' द्या, म्हणजे पाइपमधली कोणतीही आज्ञा चुकली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल. क्रॉनसारखे उघडेबोडके वातावरण हातानेच तपासायचे असेल, तर 'एन्व्ह -आय' ने फक्त होम आणि तो तोकडा पाथ देऊन स्क्रिप्ट चालवून पाहा. रात्रीची वाट पाहावी लागत नाही.

पाइपलाइन_७:

वरील उत्तरात एक भर. पाइपफेलमुळे स्क्रिप्ट थांबेल, पण अर्धवट फाइल अंतिम नावाने पडून राहीलच. त्यामुळे आधी '.अपूर्ण' अशा शेवटाच्या नावाने लिहावे आणि सर्व ठीक झाल्यावरच 'एमव्ही' ने अंतिम नाव द्यावे. किंवा पाइपच काढून टाका: 'पीजी_डम्प -एफसी' हा प्रकार स्वतःच दाबलेली फाइल देतो, आणि एक्झिट कोड थेट पीजी_डम्पचाच मिळतो. मात्र मग फाइलचे शेपूट बदलेल, तेव्हा फाइंडचा नमुनाही बदलायला विसरू नका.

साडेसातचे कोडे सोपे आहे: सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. क्रॉनटॅबमध्ये '30 20' (आधी मिनिटे, मग तास) लिहिले की आपल्याकडचे पहाटेचे 2 होतात. क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर वापरल्यास त्याच्या ऑनकॅलेंडर या ओळीत वेळेनंतर 'एशिया/कोलकाता' असे सरळ लिहिता येते आणि चुकांचे संदेशही जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदींत) राहतात, म्हणून मी तरी तिकडेच वळण्याचा सल्ला देईन.

जुना_खांब:

टायमर चांगला, याबद्दल वाद नाही, पण त्यालाही .बॅश_प्रोफाइल दिसणार नाही, त्यामुळे मूळ रोग तसाच राहिला असता. आणि संदेश क्रॉनही देतो, मेलने. सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रॅमच (एमटीए) नसेल तर डेबियनवर तो मजकूर टाकून दिला जातो आणि लॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' अशी ओळ तेवढी उरते.

कोणी ही आज्ञा थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिणार असेल, तर तिथे % म्हणजे नवी ओळ समजली जाते हे लक्षात ठेवावे. डेटच्या % च्या आधी उलटा तिरपा दंड (\) द्यावाच लागतो. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये ही अडचण नाही.

रात्रपाळी:

दोघांचेही आभार. लॉगमध्ये ती ओळ 11 वेळा सापडली. पाथ दिला, '-एफसी' केले, आणि फाइंड आता डम्प यशस्वी झाल्यावरच चालतो. आज एका रिकाम्या डेटाबेसमध्ये पीजी_रिस्टोर करून पाहिले, तेव्हा सारण्या आल्या, पण मालकी देताना 'रोल अस्तित्वात नाही' अशा चुका आल्या.

पाइपलाइन_७:

पीजी_डम्प एकाच डेटाबेसपुरता असतो, रोल (डेटाबेस सर्व्हरचे वापरकर्ते) त्याच्या बाहेर राहतात. स्क्रिप्टमध्ये 'पीजी_डम्पऑल --ग्लोबल्स-ओन्ली' ची एक ओळ वाढवा, आणि रिस्टोर करताना ती फाइल आधी चालवा.