मदत हवी आहे: कॉटन पेपरवर काळा भाग ओलाच राहतोय (तातडीचं)

तापीकाठ
नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीचे फोटो घरच्या प्रिंटरवर छापतोय. मागे मिट्ट अंधार, पुढे जाळ आणि अंगावर पांढरे ठिपके काढून नाचणारे बुध्या. अंधाराच्या जागी शाई साचते, कागद फुगतो, अंगावरचे पांढरे ठिपके काळ्यात बुडतात. सगळ्यात वरचं रिझोल्यूशन, २८८० डीपीआय, टाकूनही तेच. चार शीट वाया गेली. शुक्रवारी फ्रेमवाल्याकडे द्यायचेत. काय बदलू?

जुनी_अंधारखोली
कागद मॅट (बिनचमकीचा) की ग्लॉसी (चकचकीत), किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम)? शाई डाय (विरघळलेल्या रंगाची) की पिगमेंट (रंगकणांची)? प्रिंटरच्या सेटिंगमध्ये मीडिया टाइप, म्हणजे कागदाचा प्रकार, काय निवडलाय? यातलं काहीच लिहिलं नाही. कसं सांगणार भाऊ?

केळीची_वखार
भो, एवढा ताप कशाला? जळगावात फ्लेक्सवाल्याकडून कॅनव्हासवर काढून घे. आम्ही वखारीत लावलाय, ओल्या फडक्याने पुसतो.

तापीकाठ
फ्लेक्सवाला नको. ज्यांचे फोटो आहेत त्यांच्याच घरी द्यायचेत, नातवंडांनी बघावेत असे. कागद १०० टक्के कॉटन, मॅट, ३०८ जीएसएम. शाई पिगमेंट. मीडिया टाइप ग्लॉसी ठेवलाय, त्यात रंग उठून दिसतात.

जुनी_अंधारखोली
तिथेच घोळ आहे. ग्लॉसी निवडलं की प्रिंटर फोटो ब्लॅक, म्हणजे चकचकीत कागदाची काळी शाई, घेतो. तुमच्या कागदाला मॅट ब्लॅक लागतो. शाई किती सोडायची हेही मुख्यतः मीडिया टाइपच ठरवतो. कागदावरचं कोटिंग (शाई धरणारा थर) ठराविकच शाई पितं, उरलेली वर तळं करून बसते. मॅट कागदावर काळ्याची घनता (काळा किती गडद दिसतो त्याचं माप) साधारण १.६-१.७ ला थांबते, बरायटावर (चमक असलेला फोटो कागद) २.३ च्या आसपास जाते. शाई ओतून मॅटचा बरायटा होत नाही. आणि छापताय ती बाजू कोटिंगचीच आहे ना? बऱ्याच कॉटन कागदांना एकाच बाजूला असतं.

पिक्सेलमोज्या
२८८० चं १४४० करा, शाई निम्मी लागेल.

जुनी_अंधारखोली
निम्मी होत नाही हो. डीपीआय म्हणजे थेंब किती जवळजवळ ठेवायचे ते. १४४० कराच, पण कारण वेगळं: मॅट कोटिंगमध्ये थेंब थोडा पसरतो, त्यामुळे २८८० चा बारकावा डोळ्याला दिसतच नाही. नुसता वेळ जातो.

पिक्सेलमोज्या
माझ्याकडे २८८० ला काळा दाट येतो. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून पाहिलेत.

जुनी_अंधारखोली
येत असेल, काही ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) क्वालिटी बदलली की शाईचं गणितही बदलतात. म्हणून तर प्रोफाइल (त्या कागद-शाईसाठी रंग जुळवणारी फाइल) ज्या सेटिंगवर बनलंय तीच सेटिंग ठेवायची. फाइल एप्सनला ३६० पीपीआयवर (इंचाला किती पिक्सेल) द्या, कॅनॉनला ३०० वर.

सावळी_वाट
रात्रीच्या फोटोला कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) किती ठेवला होता? आणि काठीला गाडी कुठून जाते? पुढच्या वर्षी आईला न्यायचंय.

तापीकाठ
अक्कलकुव्याहून मोलगीमार्गे. होळी पहाटे पेटते, रात्रीच पोचा. आयएसओचं नंतर लिहितो, आधी प्रिंट.

खापरावरचे_मांडे
प्रिंट वाळवताय कुठे? कूलर चालू असलेल्या खोलीत नको. बाहेर ४४ अंश असलं तरी कूलरची हवा दमट असते, कागद ओलावा ओढतो. माझे सहा प्रिंट असेच वाकडे झाले. काचेमागे घालण्याआधी २४ तास सपाट, उघडे ठेवा. उन्हात तर मुळीच नाही.

तापीकाठ
कूलरसमोरच ठेवले होते. आता मीडिया टाइप मॅट, मॅट ब्लॅक, १४४०, ड्रायव्हरमध्ये शाईची घनता उणे १० केली. शाई साचली नाही. ठिपके एकेक मोजता येतात! बाजूही बरोबर होती. पण जाळ फिका पडला, केशरी हवा तिथे विटकरी दिसतोय. आता?

जुनी_अंधारखोली
प्रोफाइल कोणतं लावलंय ते अजून लिहिलं नाही. ग्लॉसीचंच राहिलंय का? आणि प्रिंट किती वेळ वाळलाय?