सोलापूर म्हणे एका दिवसात उरकतं!

जुन्या मिलचा नातू: काल कुणीतरी पाहुण्यांसाठी बेत टाकलाय: सकाळी सिद्धेश्वर, मग भुईकोट, चादरी घ्या, दुपारी अक्कलकोट गाठा, "गावात बाकी बघण्यासारखं काही नाही". काही नाही? १८७७ ची जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. अख्खं गाव भोंग्यावर उठायचं! १९३० ला स्वातंत्र्यलढ्यात इथं मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे फासावर गेले. पाहुण्याला आधी चार पुतळ्यांपाशी न्या, मग मिलच्या आवारात, मग पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. देवदर्शन संध्याकाळी.

बदली कामगार: मिलच्या आवारात काय दाखवणार बे? कुलूप? वडील मागावर होते. मिल बंद पडली तेव्हा मी नववीत. देणी येता येता आईनं किती विड्या वळल्या, मोजल्या नाहीत कुणी. तुमचा तो वारसा, आमची ती उधारी.

पूर्व भागातली: ते असू द्या. "चादरी घ्या" म्हणणाऱ्यानं कुठून ते सांगितलं का? सोलापुरी म्हणून पानिपतचा माल गळ्यात मारतात. सोलापूरच्याच मालाला हे नाव लावायचं, असं सांगणारं जीआय मानांकन आहे, पण कागदावर. आमच्या सासऱ्यांचे नक्षी विणणारे जेकार्डचे माग होते, आता टॉवेल काढतो.

पुण्यात स्थायिक: पानिपतची स्वस्त असते, मऊ असते. सोलापुरी चादर पिळताना मनगट जातं.

पूर्व भागातली: मऊ हवी तर शाल घ्या की ओ! माझ्या लग्नातली चादर अजून अंथरते मी. तुमची किती पावसाळे टिकली?

पुण्यात स्थायिक: तेच तर दुखणं आहे. एकदा नेली की गिऱ्हाईक वीस वर्षं फिरकत नाही. मग माग बंद पडणार नाहीत तर काय?

पूर्व भागातली: म्हणजे आम्ही वाईट विणायला हवं होतं? वा! पुण्याला जाऊन चांगलं शिकलात.

बदली कामगार: चादरीवरून भांडा खुशाल. पाहुणा मुक्कामाला राहिला तर आंघोळ कशानं घालणार? आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी.

जुन्या मिलचा नातू: अरे, विषय काय होता! बरं बाबा, कुलूप दाखवून उपयोग नाही, हरलो. कुंभारीला नेऊ, विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली दहा हजार घरं आहेत तिथं. पण आईचं ते विड्यांचं पाहुण्याला तुम्हीच सांगायचं.

बदली कामगार: सांगतो की. पण रोख. एकदा मिलनं बुडवलंय.