ऐतिहासिक घरगुती मालिकांमधले मायेचे क्षण : तुमच्या मनात राहिलेले प्रसंग आणि अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात आईकडे गेले होते तेव्हा फोनवर 'उंच माझा झोका'चा एक जुना एपिसोड सापडला, रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची, २०१२ साली झी मराठीवर लागायची ती, आणि मग मी आणि आई ताटं तशीच ठेवून बघतच बसलो. लढाया, दरबार वगैरे असलेल्या मालिका पुष्कळ झाल्या पण घराच्या चार भिंतीत कोण कोणाशी कसं वागलं हे दाखवणाऱ्या मालिका मला जास्त जवळच्या वाटतात. त्यातला एखादा मायेचा, प्रेमाचा प्रसंग तुमच्या मनात घर करून राहिला असेल, त्यावरून तुमच्या घरातलं काही आठवलं असेल तर इथे नक्की लिहा. सुरुवात मी करते.

माझा प्रसंग पाटीचा. रमाबाईंचं महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं १८७३ मध्ये, त्या ११ वर्षांच्या आणि ते ३१ चे. लग्न करून पुण्याला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं की तू माझ्याशी लग्न केलंस, माझं नाव तरी माहीत आहे का, आणि लिहायला वाचायला येतं का. तिला एक अक्षर येत नव्हतं, कारण माहेरी कुर्लेकरांच्या घरात एक आत्या लिहायला शिकली आणि पुढे विधवा झाली म्हणून मुलींना शिकवणं अशुभ मानायचे. त्याच रात्री पाटी पेन्सिल आली आणि मुळाक्षरं सुरू झाली. तेजश्री वालावलकर छोटी रमा होती ना, तिचे पाटीवरचे सीन लागले की माझी आजी लसूण सोलत असायची ती हात थांबवायची. आम्हाला वाटायचं सिरीयलमध्ये रमली. मग एकदा तिने सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा निरक्षर होती, आणि धाकटा दीर, वयाने तिच्याहून लहानच, शाळेतून आला की चुलीपुढे बसायचा आणि राख पसरून त्यात काडीने अक्षर काढून दाखवायचा. सासूची चाहूल लागली की तळहाताने राख सपाट. असं करत करत तिला सही करण्यापुरती अक्षरं आली, पुढे ते शिकायला परगावी गेले आणि तिचं शिकणं तिथेच थांबलं. पण आयुष्यभर तिने अंगठा लावला नाही कुठे. दिवाळीला पहिला लाडू त्या काकाआजोबांसाठी बाजूला का काढून ठेवते हे आम्हाला तेव्हा कळलं.

*

छान विषय. पण मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. ११ आणि ३१ हे मला पडद्यावर बघतानासुद्धा सहन व्हायचं नाही. रानड्यांची पहिली पत्नी वारलेली, स्वतः विधवाविवाहाचा पुरस्कार करायचे आणि वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली, हे मी विसरू शकत नाही. त्यांनी पुढे जे प्रेम दिलं ते खरंच आहे, त्याला मी कमी लेखत नाही, पण मला त्या घरातल्या बाकीच्या बायकांचंही फार वाटायचं. रानड्यांची बहीण दुर्गा स्वतः विधवा झालेली, आणि अशा बाईसमोर घरातली नवी सून रोज दिवा लावून पुस्तक घेऊन बसणार. ती टोचून बोलली तर तिच्या पोटात काय तुटत असेल. माझ्या एका आत्येचं असंच होतं, सगळ्यांना घालून पाडून बोलायची म्हणून आम्ही मुलं तिला टाळायचो. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत आम्हा सगळ्या भावंडांची जन्मल्यावर शिवलेली पहिली झबली निघाली, धुवून, घडी घालून, लवंगा घालून ठेवलेली. तिला स्वतःला मूल नव्हतं. तेव्हापासून मालिकेतली खाष्ट बाई मला नुसती खाष्ट दिसत नाही.

*

मला नाशिकचा भाग सगळ्यात आवडतो. १८७८ ला रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि रमाबाईंना पहिल्यांदा स्वतःचा असा संसार मिळाला. तिथेच त्या पहिल्यांदा सभेत बोलल्या आणि ते पहिलं भाषण रानड्यांनी लिहून दिलेलं होतं. हे वाचलं होतं, पण विक्रम गायकवाड आणि स्पृहा जोशी यांच्यामुळे ते नातं डोळ्यासमोर उभं राहिलं.

माझी बायको ऑफिसात १४ वर्षं नोकरी करतेय, कधी चार लोकांसमोर बोलली नव्हती. तिच्या साहेबांच्या निरोप समारंभात तिलाच बोलायला सांगितलं, आठ दिवस जेवण जाईना तिला. मी म्हटलं मी लिहून देतो, तर म्हणाली नको, माझं मी लिहिते, तू फक्त ऐक. मग रोज रात्री मुलगी झोपली की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती बोलायची आणि मी पाटावर बसून ऐकायचो. मला मधे मधे सुधारायची फार सवय आहे, पण ते आठ दिवस तोंड बंद ठेवलं. नवव्या दिवशी ती बोलून घरी आली, चप्पल काढायच्या आधी दारातच म्हणाली, झालं रे. बास एवढंच. मला ते झालं रे अजून ऐकू येतं.

*

तळपायाला तूप चोळायचा प्रसंग. रमाबाई रात्री रानड्यांच्या पायांना तूप चोळायच्या. बाबांना अर्धांगवायू झाल्यावर आई वाटीत तूप कोमट करून तशीच बसायची, त्या पायाला स्पर्श कळत नव्हता तरी आधी तोच पाय घ्यायची. जास्त लिहवत नाही.

*

१८८४ ला पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी सभा झाली, गव्हर्नर आलेले, आणि रमाबाईंनी तिथे इंग्रजीतून निवेदन वाचलं. विचार करा ना, दहा अकरा वर्षांपूर्वी जिला 'अ' येत नव्हता ती. आणि घरी परत आल्यावर घरातल्या बायकांचे टोमणे खायचे, परत पदर खोचून कामाला लागायचं. मला रानड्यांचं शिकवणं मोठं वाटतंच, पण त्या घरात तिच्या बाजूने एखादी बाई उभी राहिली असती तर किती सोपं झालं असतं असं सारखं यायचं मनात.

कारण मला तशी बाई मिळाली. लग्नानंतर मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते, एकत्र कुटुंब, येणारं जाणारं चिकार. सासूबाई शिकलेल्या सातवी. त्यांनी मला कधी तोंडाने म्हटलं नाही की तू अभ्यास कर मी बघते. पण पाहुणे आले आणि सूनबाई कुठाय विचारलं की त्या बिनदिक्कत सांगायच्या, आंघोळीला गेलीय. दुपारी चार वाजता आंघोळ, संध्याकाळी सहाला आंघोळ, आणि मी आतल्या खोलीत कडी लावून पुस्तकात. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून पाहुणे असताना भात पातेल्यात करायच्या, का तर शिट्टीने माझं लक्ष उडतं असं मी एकदाच कधीतरी बोलून गेले होते. पहिल्या वेळी नापास झाले, त्या रात्री जेवायला गेले नाही तर ताट खोलीत आणून ठेवलं आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षीचा फॉर्म कधी निघतो? दुसऱ्या वेळी पास झाले. पेढे वाटायला त्याच गेल्या गल्लीभर, आणि जिला तिला सांगितलं की हिने रात्र रात्र जागून केलं हो. स्वतःचं नाव कुठेच नाही.

*

मी पेशव्यांच्या घरातलं लिहिते चालेल ना. पेशव्यांवरची कुठलीही मालिका लागली की माधवराव आणि त्यांच्या पत्नी रमाबाई (या वेगळ्या रमाबाई) यांचा शेवटचा थेऊरचा भाग मी बघत नव्हते, उठून जायचे. माधवरावांना क्षय होता, १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरच्या चिंतामणीपाशी वारले, वय फक्त २७, आणि रमाबाई सती गेल्या.

माझ्या मिस्टरांना टीबी झाला तेव्हा ते २९ चे होते. डॉक्टरांनी सांगितलं सहा महिने गोळ्या नेमाने घ्या, बरे व्हाल, पण माणसं आजाराच्या नावालाच घाबरली आणि यायची बंद झाली. त्यांचा एक मित्र मात्र दर रविवारी यायचा. सुरुवातीला खोलीत यायचं नाही म्हटलं होतं तर गॅलरीत खुर्ची टाकायचा, उघड्या खिडकीतून पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, क्रिकेटचं पान सगळं, जाहिरातीसुद्धा. एक रविवार चुकवला नाही त्याने, पावसातही छत्री धरून बसलेला मी पाहिलाय. कोर्स संपला, रिपोर्ट चांगले आले, तेव्हा आम्ही तिघं थेऊरला गेलो. चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि मग नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी जाऊन बसले मी. तिच्या काळात या गोळ्या असत्या तर, एवढंच येत होतं मनात. मागे ते दोघं कुठल्यातरी मॅचवरून भांडत होते आणि मी रडत होते. आता तो भाग मी पूर्ण बघते.

*

किती सुंदर लिहिलंय सगळ्यांनी, सासूबाईंची आंघोळ वाचून आईला फोन केला आणि वाचून दाखवलं. तिने मग कपाटातून आजीचं बँकेचं जुनं पासबुक काढलं आणि फोटो पाठवला. पहिल्या पानावर आजीची सही आहे. अक्षरं सुटी सुटी, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ वेगळी, शेवटचं अक्षर जरा खाली घसरलेलं. आई म्हणाली काउंटरवर मागे रांग लागायची, पण आजी सही झाल्यावर पेन लगेच द्यायची नाही, एकदा वाचून बघायची.