आरसिंकची टेस्ट कधी पास कधी फेल, कारण कळेना

पाटी_पुसणारा
ऑफिसमधे बॅकअपसाठी आरसिंकभोवती (फाइल एकीकडून दुसरीकडे कॉपी करून सारख्या ठेवणारी कमांड) एक बॅश स्क्रिप्ट आहे, आता त्याच्या टेस्टपण शेलमधेच लिहायला घेतल्यात. साधी टेस्ट आहे, एमके-टेम्पने टेंपररी फोल्डर करायचा, एको करून फाइलमधे "हो" लिहायचं, सिंक, मग त्याच फाइलमधे "ना" लिहायचं, परत सिंक, आणि दोन्हीकडची फाइल सीएमपीने ताडून बघायची. माझ्या लॅपटॉपवर ही बऱ्याचदा फेल होते, पलीकडे जुनी फाइलच राहते आणि आरसिंक मात्र एक्झिट कोड शून्य (म्हणजे सगळं ठीक) देऊन मोकळा. जुन्या सर्व्हरवर एसएसएचवरून (नेटवर्कवरून जोडून) चालवली की पास!! मधे स्लीप १ (एक सेकंद थांबणं) टाकला तर लॅपटॉपवरपण पास. असा प्रत्येक टेस्टमधे स्लीप घालत बसायचं का? ऑप्शन फक्त डॅश ए (परमिशन, तारखा जशाच्या तशा नेणारा) आणि डॅश-डॅश डिलीट (इकडे नसलेली फाइल तिकडून उडवणारा).

टर्मिनल_तात्या
आरसिंक बरोबरच वागतोय हो. तो फाइल उघडून बघतच नाही, आधी साईझ आणि एमटाइम (फाइल शेवटची बदलल्याची वेळ) बघतो, दोन्ही जुळले की पुढे. तुमचं "हो" आणि "ना" यूटीएफ-८ मधे दोन्ही ६ बाइट, एकोची नवी ओळ धरून ७, म्हणजे साईझ सेम. डॅश ए मुळे पहिल्या सिंकमधे एमटाइमपण तिकडे जसाच्या तसा गेला, आणि लॅपटॉप फास्ट असल्यामुळे दुसरं लिखाण त्याच सेकंदात उरकलं. फाइलसिस्टिम नॅनोसेकंद ठेवत असली तरी आरसिंक डिफॉल्टला पूर्ण सेकंदच ताडतो, नॅनोसेकंद हवे असतील तर मॉडिफाय-विंडो ऑप्शनला उणे १ द्यायचं, त्याला ३.१.३ किंवा पुढचं व्हर्जन लागतं. सर्व्हरवर एसएसएच जोडेपर्यंत सेकंद उलटतो म्हणून पास.
स्लीप नको. पहिलं लिखाण झालं की सिंकच्या आधी टच डॅश टी ने फाइलची तारीख २००१ करून टाका, मग मशीन कितीही फास्ट असो.

बॅश_बहाद्दर
एवढा कुटाणा कशाला, डॅश-डॅश चेकसम (तारखेऐवजी फाइलमधला मजकूरच ताडणारा ऑप्शन) लावा आणि विषय संपवा

टर्मिनल_तात्या
@बॅश_बहाद्दर अहो रोजचा बॅकअप चेकसमशिवाय चालणार आणि टेस्ट तेवढी चेकसम लावून, मग टेस्ट कशाची केली? उलट एक वेगळी टेस्ट मुद्दाम लिहा, साईझ सेम ठेवा, टच डॅश आर ने एमटाइम पण सेम करा, आणि फाइल सुटते हेच तपासा. उद्या कुणी ऑप्शन बदलले की ती टेस्ट लगेच बोंबलेल.

रात्रपाळी
तात्यांचं बरोबर. अजून एक, नुसत्या सीएमपी किंवा डिफ डॅश आर वर विसंबू नका, परमिशन आणि तारखा त्यात दिसतच नाहीत. मी सिंक झाल्यावर तीच कमांड डॅश आय (काय बदललं ते छापणारा ऑप्शन) लावून परत चालवतो, एक ओळ जरी छापली तरी टेस्ट फेल, कारण दुसऱ्या वेळी करायला काही उरलंच नाही पाहिजे. आणि आरसिंकचं आउटपुट टी मधे (आउटपुट फाइलमधेही उतरवणारी कमांड) पाइप करत असाल तर बॅशचा पाइपफेल ऑप्शन लावाच, नाहीतर एक्झिट कोड टी चा मिळतो आणि आरसिंकने २३ (काही फाइल गेल्याच नाहीत) दिलेला कुणाला कळत नाही. वाचता न येणाऱ्या फाइलची टेस्ट, म्हणजे सीएचमॉड ००० वाली, डॉकरमधे रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवली तर गंडते, रूट सगळंच वाचतो. तिथे टेस्ट स्किप करा. आरसिंकच्या स्वतःच्या टेस्ट शेलमधेच लिहिलेल्या आहेत, टेस्टस्वीट फोल्डर उघडून बघा, तिथे स्किपसाठी एक्झिट कोड ७७ वापरलाय, तोच उचला.

पाटी_पुसणारा
टच टाकला, लॅपटॉपवर लूपमधे लावून ठेवली तरी आता फेल होत नाही 🙏 पाइपफेल नव्हताच, तो लावल्यावर दुसऱ्याच दोन टेस्ट लाल झाल्या, त्या बघतो. फाइलची नावं देवनागरीत असतील तर काही वेगळं तपासावं लागतं का? आमच्याकडे एक जुना मॅक पण आहे.

रात्रपाळी
जुना म्हणजे एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाइलसिस्टिम) असेल तर नक्की तपासा. "वऱ्हाड" नावाची फाइल करा. त्यातला ऱ लिनक्सवर एकच कॅरेक्टर म्हणून राहू शकतो, एचएफएस प्लस तो फोडून र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा ठेवतं. स्क्रीनवर नाव सेमच, पण बाइट वेगळे, त्यामुळे आरसिंकला त्या दोन वेगळ्या फाइल वाटतात आणि तुमच्याकडे तर डिलीट चालू आहे! मॅकवरच्या आरसिंकला आयकॉन्व्ह (फाइलच्या नावांचं एन्कोडिंग बदलणाऱ्या) ऑप्शनमधे यूटीएफ-८-मॅक द्यावं लागतं, मॅकसोबत आलेल्या जुन्या आरसिंकमधे तो ऑप्शन नसेल तर नवा टाकून घ्या. तोवर मॅकवर ड्राय-रनच (काय होईल ते नुसतं दाखवणारा) चालवा.