मदत हवी आहे : व्हीएचएस कॅप्चरच्या कडा कापाव्या की झाकाव्या?

नमस्कार मंडळी,

आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आहे. पॅल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत), ७२० × ५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींची दोन फील्ड मिळून एक चित्र), हफवाययूव्ही (दर्जा न घटवणारा कोडेक). चित्र छान आलंय, पण कडांनी जीव नकोसा केलाय. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, त्यातली डावी जरा जाड. तळाच्या दहा-बारा ओळी तर तिरक्या फाटल्यासारख्या थरथरतात. हे हेड स्विचिंग आहे (व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातो तिथली खूण), कॅसेट खराब नाही. ट्यूबच्या टीव्हीवर तेवढा भाग चौकटीआड जायचा, म्हणून घरात कुणाला कधी दिसलाच नाही.

काका म्हणतात, कापून टाक आणि ताणून परत ७२० × ५७६ कर. मला ते अजिबात पटत नाही. इंटरलेस्ड चित्र तसंच उभं ताणलं की दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलत्या गोष्टींचा चुथडा होतो. त्यापेक्षा अविसिंथमध्ये (स्क्रिप्ट लिहून व्हिडिओवर काम करायचं सॉफ्टवेअर) क्रॉप करून अ‍ॅडबॉर्डर्सने तेवढाच काळा भाग परत लावणं बरं.

अडलंय ते इथे. तळाच्या १२ ओळी झाकल्या की चित्र वर सरकल्यासारखं वाटतं. वर ६, खाली ६ अशी काळी पट्टी वाटून चित्र मध्यावर आणलं तर चालेल ना? आकडा सम असल्याने फील्डचा क्रम बिघडू नये, पण पुढे ४:२:० मध्ये (यात रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच ठेवतात) एमपीफोर करायचं आहे. तिथे ४ च्या पटीतच राहावं का?

आणि एका ठिकाणी आजीचा अक्षता टाकणारा हात अगदी तळाशी आहे. तेवढ्या शॉटपुरती पट्टी कमी केली तर डोळ्यांना खटकेल का? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.