चोविसाव्या वर्षी नेमक्या कोणत्या तपासण्या कराव्यात?

मांजराकाठ (प्रश्न)
नमस्कार. माझे वय 24 असून नोकरीनिमित्त मी दीड वर्षापासून लातूरहून पुण्यात येऊन पीजीमध्ये राहते. कार्यालयाने एका प्रयोगशाळेची ‘संपूर्ण शरीर तपासणी’ सवलतीत देऊ केली आहे आणि तिच्यात सत्तरहून अधिक चाचण्या आहेत. मला ठरावीक असा आजार नाही. जिना चढताना धाप लागते, केस गळतात आणि दुपारनंतर डोके जड होते. परंतु हे अपुऱ्या झोपेमुळे आणि डब्याच्या जेवणामुळे होत असावे, असे मी धरून चालले आहे. आईला बेचाळिसाव्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. घरात माझ्या लग्नाचा विषय सुरू आहे. या यादीतील कोणत्या चाचण्या खरोखर आवश्यक आहेत आणि लग्नाआधी एखादी लस घ्यावी लागते का, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

तालुक्याची डॉक्टर
आपण धाप, केस, डोके या सर्वांविषयी लिहिले, परंतु मासिक पाळीविषयी एक शब्दही लिहिला नाही, म्हणून चाचण्यांची यादी क्षणभर बाजूला ठेवून मी तेच आधी विचारते. रक्तस्राव किती दिवस चालतो? पॅड किती वेळाने बदलावे लागते? रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का? सात दिवसांहून अधिक चालणारा किंवा दर एक-दोन तासांनी पॅड भिजवणारा रक्तस्राव ‘अंगावर जास्त जाणे’ म्हणून सोडून देण्याजोगा नसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, त्यामुळे आपल्या वयाच्या मुलीला धाप लागते म्हटल्यावर मी पहिल्यांदा हिमोग्लोबिन पाहते. ते गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये किमान 12 ग्रॅम असावे.

आपल्यासाठी हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, रक्तदाब, वजन, कंबरेचा घेर (तो 80 सेंटिमीटरच्या आत असावा) आणि आईचा मधुमेह लक्षात घेता उपाशीपोटीची साखर एवढे पुरेसे आहे. पाळी अनियमित किंवा जास्त असेल तर थायरॉइडही पाहावे. अशा पॅकेजमध्ये कधीकधी सीए-125 सारखी कर्करोगाची खूणचाचणी असते. ती पाळीच्या दिवसांतही वाढलेली दिसू शकते आणि निरोगी मुलगी विनाकारण आठवडाभर रडत बसते, हे मी पाहिलेले आहे.

लसीचे म्हणाल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरील लस जरूर घ्यावी. आपल्या वयात तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. शरीरसंबंध सुरू होण्यापूर्वी घेतल्यास तिचा लाभ सर्वाधिक असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्वाव्हॅक ही लस 2023 पासून उपलब्ध आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये.

मांजराकाठ
पाळी आठ दिवस चालते. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पॅड बदलावे लागते आणि रात्री गादीवर जुनी सतरंजी दुमडून घालून मी झोपते. आईही अशीच झोपत असे, म्हणून हे सर्वांचेच असते असे मला वाटत होते. लग्न न झालेल्या मुलीने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे का, हाही संकोच आहे.

सांगलीची आहारतज्ज्ञ
संकोच बाजूला ठेव बाळ, आणि जाच. बहुतेक वेळा पोटावरून सोनोग्राफी करतात. तुझ्या संमतीशिवाय आतून तपासणी करता येत नाही, आणि ती नको असेल तर तू स्पष्ट नकार देऊ शकतेस. सोबत मैत्रीण नेलीस तरी चालेल.

आता डब्याविषयी. जेवणानंतर लगेच चहा पिण्याची सवय असेल तर ती आधी मोड, कारण चहामुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेव. डब्यातील चवळी, मसूर किंवा हरभऱ्याच्या उसळीवर अर्धे लिंबू पिळलेस तर तेच लोह अधिक शोषले जाते. पीजीत स्वयंपाकघर नसले तरी टेबलाच्या खणात लिंबू ठेवता येते. नाचणी उत्तमच, परंतु ती प्रामुख्याने कॅल्शियमसाठी. गुळाच्या खड्याने हिमोग्लोबिन भरून निघेल अशी आशा मात्र बाळगू नकोस. एकदा ते फार खाली गेले की केवळ आहाराने वर येत नाही, गोळी घ्यावीच लागते.

मांजराकाठ
मैत्रिणीला घेऊन जाऊन आले. हिमोग्लोबिन 8.9 आले, साखर व थायरॉइड योग्य आहेत, सोनोग्राफीत दोष नाही. लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव कमी करणारे औषध सुरू झाले आहे. शौचास काळे होऊ लागल्यामुळे घाबरून दोन दिवस गोळी बंद ठेवली होती.

तालुक्याची डॉक्टर
काळे होणे हा लोहाचाच परिणाम आहे, गोळी पुन्हा सुरू करावी; कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी घ्यावी. पहिल्या पाळीपासूनच एवढा रक्तस्राव होत असेल, किंवा दात काढल्यावर, जखम झाल्यावर रक्त थांबण्यास वेळ लागत असेल, तर हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. काही मुलींमध्ये रक्त गोठण्याचाच दोष असतो आणि तो आईकडूनही आलेला असू शकतो. आपल्या आईचीही पाळी अशीच होती, हे विसरू नये. लग्नानंतर मूल हवे असे ठरेल तेव्हा गर्भधारणेपूर्वी किमान महिनाभर रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करावे, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या 28 दिवसांतच मिटते आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठीची तपासणी लग्न ठरवतानाच दोघांनी करावी. लोहाची गोळी मात्र हिमोग्लोबिन 12 वर पोहोचले म्हणून थांबवू नये. शरीरातील साठा भरून येण्यासाठी त्यानंतरही साधारण तीन महिने ती घ्यावी लागते.